छोट्या बंदरगावाचा आर्थिक विकास आयोग: नवं आणण्याआधी आहे ते राखा

खारा वारा (धागाकर्ता)

कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात आम्ही बरीच वर्षं राहतोय. गावाच्या आर्थिक विकास आयोगावर माझी ही दुसरी मुदत. आपल्या गावात असा आयोग आहे हे इथल्या पुष्कळ मराठी मंडळींच्या गावीही नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांचा समज असा, की ही माणसं एखादी मोठी कंपनी गावात ओढून आणायला बसली आहेत. हा आयोग काय करू शकतो आणि माझ्या मते त्याने काय करायला हवं, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी कायदा. कनेक्टिकटच्या कायद्यातलं कलम ७-१३६ सांगतं की कुठलंही गाव आपल्या सभेत ठराव करून असा आयोग नेमू शकतं. सदस्य किमान ५, जास्तीत जास्त १५, आणि सगळे त्या गावचे मतदार. पगार नाही. काम म्हणजे गावाच्या आर्थिक परिस्थितीचा अभ्यास करायचा, अधिकाऱ्यांना शिफारशी करायच्या, व्यापारी मंडळांसारख्या संस्थांशी मेळ घालायचा, गावाची माहितीपत्रकं, नकाशे वगैरे काढायचे. झालं. परवानगी देणं किंवा नाकारणं आयोगाच्या हातात नाही. कर माफ करणं नाही, जमीन घेणंही नाही. ते अधिकार कुठल्या जमिनीवर काय चालेल ते ठरवणाऱ्या झोनिंग कमिशनकडे, निवडून आलेल्या मंडळाकडे आणि गावसभेकडे.

म्हणजे हातात उरतं काय, तर विचारणं आणि लिहून ठेवणं. बरेच नवे सदस्य इथेच हिरमुसतात आणि मग सगळा जोर बोधचिन्ह, घोषवाक्य आणि उन्हाळी महोत्सवाच्या पत्रकावर जातो. मला हे वाया घालवणं वाटतं. नीट विचारलेला प्रश्न आणि नीट केलेली नोंद यांना गावाच्या कारभारात फार वजन असतं, कारण बाकी कोणाला ते करायला वेळच नसतो.

आमच्याकडचंच उदाहरण देतो. गावातला एक जुना धक्का विकायला निघाला. घेणाऱ्याला तिथे पाण्याकडे तोंड करून घरं बांधायची होती. कागदोपत्री प्रस्ताव देखणा होता: करात वाढ, कडेने फिरायला लाकडी वाट, झाडं. त्या धक्क्याला लागणाऱ्या होड्या थोड्याच, त्यामुळे 'मासेमारी तशीही संपतच आलीय' हे वाक्य सभेत सारखं ऐकू येत होतं. आम्ही एवढंच केलं, की त्या होडीवाल्यांना आयोगाच्या सभेला बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला इथे नेमकं काय लागतं?

त्यातला एक वयस्कर गृहस्थ उठला आणि टेबलावरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवायला लागला. इथे क्रेन, कारण ओहोटीला होडी खाली जाते आणि भरलेले क्रेट हाताने वर येत नाहीत. इथे बर्फ. इथे आमिषाचा शीतकक्ष. आणि ही जी मोकळी जागा तुम्हाला दिसते ना, ती मोकळी नाही, इथे ट्रक वळतो. प्रस्तावाच्या नकाशात नेमकी त्याच जागी झाडं आणि बाकडी काढलेली होती. ट्रक वळला नाही तर मासळी उचलायला घाऊक व्यापारी येत नाही, तो आला नाही तर होड्या दुसरं बंदर धरतात, आणि होड्या गेल्या की बर्फवाला, जाळी दुरुस्त करणारा, डिझेलवाला यांचाही धंदा बसतो. धक्क्याची लांबी एका फुटानेही कमी न करता ते बंदर बंद पडलं असतं.

ही माहिती आम्ही निवेदनाच्या रूपात झोनिंग कमिशनकडे पाठवली. सोबत राज्याच्या किनारा व्यवस्थापन कायद्याचा आधार दिला. १९८० पासून लागू असलेला हा कायदा म्हणतो की ज्या वापराला पाण्याशेजारीच असणं भाग आहे त्याला किनाऱ्यावर अग्रक्रम द्या. असा वापर काढून तिथे कुठेही होऊ शकेल असा दुसरा वापर आणणं हा दुष्परिणाम धरला जातो. झोनिंग कमिशनने घरांना परवानगी दिली, पण धक्क्याची कड, क्रेन आणि ट्रक वळायची जागा होड्यांसाठी राखण्याची अट घातली. आमच्याकडे अधिकार शून्य होता. जे झालं ते त्या नोंदीमुळे झालं.

या गावांवर हा दबाव येतो कुठून, तेही सांगायला हवं. कनेक्टिकटमध्ये गावांना स्वतःचा विक्रीकर किंवा आयकर लावता येत नाही. शाळा, रस्ते, पोलीस, सगळं मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्सवर चालतं. मालमत्तेची करआकारणी बाजारभावाच्या ७० टक्क्यांवर होते आणि दर पाच वर्षांनी फेरमूल्यांकन. पाण्याकाठच्या जमिनीचा बाजारभाव कोण ठरवतो? उन्हाळी घर घेणारा ठरवतो. शेजारच्या बंगल्याचा भाव चढला की होडीवाल्याच्या शेडचाही कर चढतो, त्याची मासळी वाढलेली नसली तरी. राज्याने पुढे लॉबस्टर धरणाऱ्यांच्या किनारी जमिनीसाठी वापरावर आधारित करआकारणीची सोय केली, पण त्याआधीच, १९९९ मध्ये, लाँग आयलंड साउंडमधले, म्हणजे आमच्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रातले, लॉबस्टर मोठ्या प्रमाणावर मेले आणि तो धंदा पुन्हा उभा राहिलाच नाही. स्कॅलप, म्हणजे एका जातीचे शिंपले, आणणारे त्या सोयीत बसत नाहीत. असल्या फटी शोधून राज्याच्या आमदारांना कळवणं हेसुद्धा आयोगाचंच काम, असं मी मानतो.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं, की अशा आयोगाने बाहेरून काही आणायच्या आधी गावात पाण्यावर जगणारे कोण कोण आहेत, त्यांना टिकायला काय लागतं आणि त्यातलं काय धोक्यात आहे, याची यादी करावी आणि दरवर्षी ती ताजी ठेवावी. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

अबोली

लेख आवडला, खारा वारा. ट्रक वळायच्या जागेचा मुद्दा तर डोक्यातून जात नाहीये.

पण थोडा वेगळा सूर लावते. मी मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. आमच्या गावात होड्यांवर जगणारी कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उन्हाळ्यातली उपाहारगृहं, हॉटेलं, दुकानं यांच्यावर कितीतरी जास्त घरं चालतात. माझी स्वतःची मुलगी सुट्टीत तिथेच काम करून कॉलेजचा खर्च काढते. मग आयोगाने पर्यटनाला दुय्यम का मानायचं? पाणी बघायला येणारा माणूससुद्धा पाण्यावरच गाव जगवतोय ना?

---

खारा वारा

अबोली, तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि राज्य बदललं की गणितही बदलतं. तुमच्याकडे गावाला जेवणावर ०.७५ टक्के आणि खोलीभाड्यावर ६ टक्क्यांपर्यंत स्थानिक कर लावता येतो. १ जुलै २०१९ पासून तर थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिलेली घरंही त्यात आली. त्यामुळे पाहुण्यांच्या गर्दीचा काही वाटा थेट तुमच्या गावच्या तिजोरीत पडतो. आमच्याकडे उपाहारगृह कितीही भरलं तरी त्यावरचा कर हार्टफर्डला, म्हणजे राज्याच्या राजधानीला जातो. गावाच्या वाट्याला पार्किंग, कचरा आणि जादा पोलीस. इमारतीचा कर मिळतो, पण तो हिवाळ्यात बंद असलेल्या इमारतीचाही तेवढाच मिळतो.

पर्यटन नको असं मी म्हणत नाही. पण पर्यटक बंदर बघायला येतो आणि त्याच्याच सोयीसाठी बंदर हटवलं जातं, हे थांबवायला हवं.

---

दीपस्तंभ

मेन राज्यातून लिहितो आहे. इथली किनारपट्टी सगळ्या खाचाखोचा धरून ५,३०० मैलांच्या आसपास भरते, आणि त्यात प्रत्यक्ष कामाचं किनारपाणी, म्हणजे होडी लावून माल उतरवता येईल अशी जागा, फक्त २० मैल उरली आहे, हा आकडा इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्यामुळे २००५ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती करून घेतली, की कामाच्या धक्क्यांवर कर बसवताना बंगल्याचा भाव नाही, चालू वापर धरायचा. त्याच सुमाराला धक्क्याचे 'बांधकामाचे हक्क' सार्वजनिक पैशातून विकत घेण्याची योजनाही आली. मालक धक्का स्वतःकडेच ठेवतो, पैसे घेतो, आणि तिथे मासेमारीशिवाय दुसरं काही होणार नाही असा करार कायमचा नोंदवतो. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना याचा चांगला उपयोग झाला. कनेक्टिकटच्या आयोगांनी हे आपल्या राज्यात मागायला हवं.

आता इथल्या, मेनमधल्या बेलफास्टबद्दल लिहितो, कारण 'बाहेरून मोठी कंपनी आणा' याचं इतकं जवळून बघण्यासारखं उदाहरण दुसरं नाही. सात हजारांच्या आतबाहेरचं गाव. एकेकाळी कोंबड्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने होते, त्यांची घाण खाडीत जायची. १९८८ मध्ये शेवटचा मोठा कारखाना बंद झाला आणि गाव अक्षरशः रिकामं पडलं. नव्वदच्या दशकात एमबीएनए ही क्रेडिट कार्ड कंपनी आली. भलं मोठं आवार, शेकडो नोकऱ्या, गावात नवा रंग. २००६ च्या सुरुवातीला ती कंपनी बँक ऑफ अमेरिकेने घेतली आणि गावाचं भवितव्य दुसऱ्या राज्यातल्या कोणाच्या तरी टेबलावर गेलं. सुदैवाने २००८ मध्ये अथेनाहेल्थने ते आवार घेतलं, नाहीतर एवढ्या इमारतींचं काय केलं असतं देव जाणे.

त्याच गावात बंदराकाठचा सार्डिनचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला होता. ती जागा सहज घरांना गेली असती. २०११ मध्ये तिथे होड्या बांधायचं आणि दुरुस्त करायचं यार्ड उभं राहिलं. आता किनाऱ्याची सार्वजनिक पायवाट त्या यार्डमधूनच जाते. तुम्ही चालत असता आणि बाजूला पट्ट्यांत अडकवलेली अख्खी बोट यंत्रावरून हळूहळू सरकत असते. माझे वडील भारतातून आले होते तेव्हा तिथून हलायला तयार नव्हते. पर्यटक आणि वेल्डर एकाच धक्क्यावर मावतात, हे मी तिथे रोज बघतो.

---

पाटीपेन्सिल

मी मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडवर शिक्षिका आहे. एक गोष्ट या चर्चेत अजून कोणी काढली नाही. ती म्हणजे राहायला घर.

इथल्याच प्रॉव्हिन्सटाउन गावाचं हायस्कूल २०१३ मध्ये बंद झालं. शेवटच्या वर्गात ८ मुलं होती. गावात पैसा नव्हता म्हणून शाळा बंद पडली असं नाही. उन्हाळ्यात ते गाव ओसंडून वाहतं, बाराही महिने राहणारे जेमतेम साडेतीन हजार. पैसा होता, कुटुंबं नव्हती. घर विकायला निघालं की ते दुसरं घर म्हणून विकलं जातं किंवा आठवड्याच्या भाड्यावर लागतं. नर्स, सुतार, शिक्षक, होडीवरचा खलाशी, सगळे केप कॉडच्या बाहेरून, पुलापलीकडून गाडी चालवत येतात. काही जण सप्टेंबर ते मे एका घरात राहतात आणि उन्हाळा आला की सामान गाडीत भरून बाहेर पडतात, कारण मालकाला तेच घर पाहुण्यांना द्यायचं असतं. माझ्या वर्गातली एक मुलगी दर जूनमध्ये विचारायची, बाई, वह्या तुमच्याकडे ठेवू का? तिला ठाऊक नसायचं की पुढच्या महिन्यात तिची पेटी कुठे असेल.

त्या गावाने पुढे, २०१६ मध्ये, वर्षभराच्या भाड्याच्या घरांसाठी एक सार्वजनिक न्यास उभा केला. गावाने स्वतः घरमालक व्हायचं आणि बारा महिन्यांचा करार करायचा, ही कल्पना. अशा गोष्टी 'घरबांधणी'च्या समितीच्या आहेत म्हणून आर्थिक विकास आयोग हात झटकतो, हे मी प्रत्यक्ष बघितलं आहे. आमच्याकडच्या एका सभेत बंदर सुधारणेवर खूप बोलणं झालं, आणि तिथे काम करणाऱ्यांपैकी गावात राहतं कोण, हे कोणीच विचारलं नाही. खारा वारा, तुमच्या यादीत ट्रक वळायच्या जागेशेजारी हाही रकाना घाला: हा माणूस रात्री झोपतो कुठे.

---

खारा वारा

पाटीपेन्सिल ताई, घालतो. खरंच. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला सांगतो आहे.

दीपस्तंभ, बांधकामाचे हक्क विकत घेण्याच्या योजनेची माहिती हवी आहे. करार मोडला गेला तर त्यावर देखरेख कोणाची असते?

---

दीपस्तंभ

राज्याच्या सागरी संपत्ती विभागाची. करार जमिनीच्या दस्तातच नोंदलेला असल्यामुळे नवा मालक आला तरी सुटका नाही.

पण नुसता करार पुरत नाही हेही सांगतो. १० आणि १३ जानेवारी २०२४ ला लागोपाठ दोन वादळं आली, दुसरं नेमकं मोठ्या भरतीला. पिढ्यान् पिढ्या उभे असलेले लाकडी धक्के काही तासांत गेले. सकाळी खाली उतरलो तर ओळखीच्या शेडचं छप्पर खाडीच्या मध्यावर तरंगत होतं. राज्याने वसंतात ६ कोटी डॉलर मदतीसाठी काढले, त्यातले अडीच कोटी कामाच्या धक्क्यांसाठी. पुष्कळांनी धक्के पुन्हा बांधताना उंची वाढवली. आता आयोगाने यादी करताना धक्क्याच्या फळीची उंची भरतीच्या रेषेपासून किती, तेही लिहून ठेवावं. मदतीचा अर्ज करायची वेळ येते तेव्हा हीच माहिती कोणाकडे नसते.

---

अबोली

सगळं वाचतेय. घराचा मुद्दा पटला, तो आमच्या गावालाही जसाच्या तसा लागू आहे.

एक शंका मात्र राहतेच. 'आहे ते राखा' याचं 'नवं काहीच नको' व्हायला किती वेळ लागतो? दीपस्तंभ, तुमच्याच बेलफास्टमध्ये जमिनीवरच्या टाक्यांत सामन मासे वाढवण्याचा मोठा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर झाला आणि २०२५ च्या जानेवारीत कंपनीने तो सोडून दिला. मधली सगळी वर्षं कोर्टकज्जात गेली. त्यातून एकही नोकरी उभी राहिली नाही. ज्यांची मुलं गाव सोडून पोर्टलंड नाहीतर बॉस्टन गाठतात त्यांनी काय करायचं? राखण्यासारखं काही ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच राखणं परवडतं, असं मला वाटतं.

---

दीपस्तंभ

त्या वादात गाव उभं चिरलं गेलं, अबोली. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासे झाले. ज्यांनी विरोध केला त्यातल्या कित्येकांना खाडीची खरीखुरी काळजी होती. पाणी आत घेणारी आणि बाहेर सोडणारी नळी ज्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून जाणार होती तो पट्टा कोणाच्या मालकीचा, यावरच खटला अडला. मेनमध्ये ओहोटीच्या रेषेपर्यंतची जमीन खाजगी असू शकते, ही जुन्या वसाहतकाळातली व्यवस्था आजही चालू आहे. माझं मत असं, की त्या पट्ट्याच्या मालकीचा प्रश्न घोषणेच्या आधी गावाने कागदावर सोडवायला हवा होता. नंतर सात वर्षं गेली.

---

खारा वारा

अबोली, तुमची शंका मला या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. नव्याला माझा विरोध नाही. आमच्याच साउंडमध्ये कालवं आणि केल्प, म्हणजे समुद्री शेवाळ, वाढवणारी तरुण मंडळी आहेत, त्यांना नवी परवानगी, नवी जागा, नवा शीतकक्ष, सगळंच हवं आहे. पण त्यांनाही तोच धक्का लागतो, तीच क्रेन, तीच ट्रक वळायची जागा. जुन्या होडीवाल्यासाठी जे राखलं तेच नव्या माणसाला वापरायला मिळतं. किनाऱ्यावर एकदा घरं झाली की पुढच्या पन्नास वर्षांत कुठल्याही नव्या धंद्याला तिथे पाय ठेवता येणार नाही.

आणि मर्यादा घालणं म्हणजे धंदा मारणं नव्हे. मेनमधल्या बार हार्बर गावाच्या मतदारांनी २०२२ मध्ये ठरवलं की क्रूझ जहाजांतून दिवसाला १,००० पेक्षा जास्त प्रवासी गावात उतरणार नाहीत. व्यापाऱ्यांचा एक गट कोर्टात गेला. २०२४ मध्ये ती मर्यादा बदलण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला आला आणि थोडक्यात पडला. लोक विभागलेले आहेत, पण निर्णय त्यांचा आहे, जहाज कंपनीचा नाही. अशा मतदानाआधी दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी माहिती समोर ठेवणं, हे आयोगाला जमलं पाहिजे. किती दुकानं जहाजांवर चालतात, किती त्या गर्दीमुळे नेहमीचं गिऱ्हाईक गमावतात, हे विचारायला दारोदार जावं लागतं. आम्ही आता तेच करतो आहोत, महिन्यातून एक शनिवार, दोघे-दोघे मिळून.

---

माहेरवाशीण

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही ग्रीन कार्डवर आहोत, रोड आयलंडच्या सीमेजवळ, पण कनेक्टिकटच्याच बाजूला. स्टोनिंग्टनच्या टाउन डॉकवर राज्यातल्या उरल्यासुरल्या मासेमारीच्या होड्या बघायला मुलांना नेहमी नेतो. नवरा डेटाचं काम करतो, मी घरून खाद्यपदार्थांचा छोटा व्यवसाय करायच्या विचारात आहे. सदस्य मतदार हवा म्हणजे आम्हाला यात जागाच नाही का?

---

खारा वारा

माहेरवाशीण ताई, स्वागत. कनेक्टिकटच्या त्या कलमाखाली सदस्य व्हायला मतदार असावं लागतं, म्हणजे नागरिकत्वानंतर. पण सभा खुल्या असतात. माहितीच्या अधिकाराच्या इथल्या कायद्याने विषयपत्रिका आधी लावावी लागते आणि इतिवृत्त लोकांना बघायला ठेवावं लागतं. तुम्ही नुसतं जाऊन बसलात तरी चालतं. बहुतेक आयोग सुरुवातीला किंवा शेवटी लोकांना बोलू देतात. गावच्या नोंदी ठेवणाऱ्या टाउन क्लार्कच्या कार्यालयात सभांच्या तारखा मिळतील.

तुमच्या व्यवसायाचं आधी राज्याच्या ग्राहक संरक्षण खात्याकडे आणि गावच्या झोनिंगच्या कचेरीत विचारा, घरातून करायला काय चालतं त्याचे नियम तिथे कळतील. आणि पतिदेवांना सांगा, आमच्यासारख्या आयोगांकडे माहितीचे कागद असतात, ते नीट मांडणारा माणूस नसतो. धक्क्यांची यादी, भाडी, परवाने, फळ्यांची उंची हे सगळं एका तक्त्यात आणून द्यायला सदस्य असण्याची गरज नाही. गावच्या आयोगाच्या अध्यक्षांना पत्र लिहून तयारी दाखवली तर पुढच्याच सभेत ते तुम्हाला बोलावतील.

---

पाटीपेन्सिल

माहेरवाशीण, तक्ता झाला की त्याचा नमुना इथेही टाका. आमच्या बंदर समितीला द्यायचा आहे. झोपण्याच्या जागेचा रकाना विसरू नका.